एकाच भिंतीत तीन भिंती

गणपतीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला सगळे उभे होते आणि माझी नजर मूर्तीवरून सारखी मागच्या भिंतीकडे जात होती. मखराच्या दोन्ही अंगांना लावलेल्या फोकसचा उजेड भिंतीवर तिरपा पडला होता. चारच दिवसांपूर्वी रंगाचा तिसरा हात मारून झालेली आमची नवीकोरी अबोली भिंत त्या उजेडात चट्टे उठल्यासारखी दिसत होती. कुठे गडद, कुठे विटलेली, खालच्या भागात पांढरट, आणि मधोमध एक सरळ उभा पट्टा. दिवसा खिडकीच्या उजेडात हे इतकं जाणवलं नव्हतं. प्रसाद घेता घेता नणंद म्हणाली, "वहिनी, भिंतीला एक हात द्यायचा राहिलाय का?"

हात राहिला नव्हता, उलट एक जास्तच झाला होता. ७ सप्टेंबर २०२४ची ही गोष्ट. त्या रात्री पाहुणे गेल्यावर मी बराच वेळ भिंतीसमोर बसून होते. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की पंधरा वर्षं टाळलेलं काम मोठ्या हौसेनं काढलं आणि ते असं झालं.

आमचं घर ठाण्यात, चरईत, तिसऱ्या मजल्यावर. इमारत १९७६ची, घर सासऱ्यांनी घेतलेलं. हॉलची पश्चिमेची भिंत १४ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच. पावसाचा सगळा मारा तिच्यावर. दर जुलैत खालच्या भागाला ओल यायची, ऑक्टोबरात पोपडे सुटायचे, मग दिवाळीच्या तोंडावर खरवडायचं, लांबी भरायची, रंग मारायचा. सासूबाई सांगतात, त्या काळात ठाण्यात बांधकामाला खाडीची रेती सर्रास वापरायचे आणि तिच्यातलं मीठ गिलाव्यात राहायचं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे अशा भिंती पाऊस थेट लागला नाही तरी पावसाळाभर दमट राहतात.

२०२४च्या मे महिन्यात सोसायटीनं बाहेरच्या भेगा भरून घेतल्या, बाहेरून वॉटरप्रूफिंग आणि रंग केला. तेव्हा ठरवलं की आता आतूनही एकदाचं काम करून टाकायचं. पण बाहेरचं काम रेंगाळलं, जूनमध्ये गवंडी पेरणीसाठी गावी गेले आणि आमच्या कामाला ऑगस्ट उजाडला. गवंड्यानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. खालून पाच फुटांपर्यंत गिलावा पोकळ, बद्द आवाज. त्याच्या वर मात्र टणक. म्हणून पाच फुटांपर्यंतचा गिलावा विटेपर्यंत काढला आणि नवा केला, वरचा जुनाच ठेवला. त्याच दिवसांत टीव्हीच्या वायरिंगसाठी भिंतीत वरून खालपर्यंत झिरी, म्हणजे खाच, मारली गेली. इलेक्ट्रिशियननं पाइप बसवला आणि वर पीओपी चोपडून झिरी बुजवली. गिलावा १६ ऑगस्टला पुरा झाला. चार दिवस पाणी मारलं, खरं तर निदान सात दिवस मारायला हवं होतं. २८ तारखेला पुट्टी, म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करणारा लेप, झाली आणि १ सप्टेंबरला रंगाचे दोन हात झाले. कंत्राटदारानं गणपतीच्या आधी घर हातात देण्याचा शब्द दिला होता, तो त्यानं पाळला.

डाग दिसल्यावर त्याचं उत्तर एकच होतं, "अजून एक हात मारतो, झाकून जाईल." ३ सप्टेंबरला तिसरा हात झाला. ओला असताना भिंत खरंच एकसारखी दिसली. मी सुस्कारा टाकला. रात्रीपर्यंत रंग वाळला आणि डाग होते तिथेच परत आले. मग त्याचा मुलगा उरलेला रंग घेऊन आला आणि ब्रशनं डागाडागावर ठिपके देऊन गेला. रोलरच्या भिंतीवर ब्रशची ठिगळं.

ओल्या रंगात डाग दिसेनासा होणं आणि वाळल्यावर परत येणं, हीच खरी खूण होती. तेव्हा मला ती वाचता आली नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एका रंगारी मामांचं नाव सुचवलं. चाळीसेक वर्षं ठाण्यात हेच काम करणारे. ९ तारखेला ते दर्शनाला म्हणूनच आले. पाया पडले, मोदक खाल्ला आणि मग म्हणाले, "ताई, ट्यूब बंद करा जरा." खिशातून मोबाइल काढून त्यांनी टॉर्च लावला आणि भिंतीला जवळजवळ चिकटवून धरला. उजेड भिंतीवरून सरपटत गेला. समोरून कधीच दिसल्या नसत्या अशा गोष्टी दिसू लागल्या. पाच फुटांच्या उंचीवर जुन्या आणि नव्या गिलाव्याच्या सांध्याची आडवी रेष. झिरीच्या दोन्ही कडांना केसाएवढी भेग. ब्रशच्या ठिगळांचे उंचवटे. कानामागची पेन्सिल काढून ते एकेका जागेभोवती गोल काढत गेले.

मग त्यांनी तीन ठिकाणी तळहात घासला. वरच्या जुन्या भागावर हात कोरडा निघाला. झिरीवर घासला तर तळव्याला अबोली भुकटी लागली, खडूसारखी. खालच्या पांढरट भागावर हात किंचित गार लागला आणि भुकटीही आली. त्यांनी तो हात माझ्यासमोर धरला. "ताई, रंगाला दोष देऊ नका. ही एक भिंत नाहीये. ह्या तीन आहेत."

झाडांना पाणी मारायची बाटली त्यांनी मागितली आणि तीन ठिकाणी बारीक फवारा मारला. जुन्या भागावर थेंब मोत्यांसारखे टिकले, हळूहळू ओघळले. झिरीच्या पट्ट्यावर ते पडताक्षणी आत गेले, तीन-चार आकडे मोजायच्या आत. खालच्या नव्या गिलाव्यावर काही ठिकाणी लगेच शोषले गेले, काही ठिकाणी तसेच राहिले. त्या पाच मिनिटांत मला जे कळलं ते आधीच्या महिनाभरात कुणी सांगितलं नव्हतं.

इमल्शन रंगात पाणी असतं, रंगद्रव्य असतं आणि ते भिंतीला धरून ठेवणारा चिकट घटक, बाइंडर असतो. भिंत फार तहानलेली असेल तर ती रंगातलं पाणी आणि त्याबरोबर काही बाइंडरही ओढून घेते. वर उरतं ते नुसतं रंगद्रव्य, कोरडं, निस्तेज, हाताला लागणारं. भिंत पीत नसेल तर रंग वर नीट जुळून येतो आणि त्याला चमक राहते. डबा एक, रंगारी एक, दिवस एक, तरी शेजारीशेजारी दोन वेगळ्या छटा दिसतात. पीओपी म्हणजे जिप्सम, पाणी पटकन पिणारं. आजूबाजूचा सिमेंटचा गिलावा वेगळा. म्हणून तो उभा पट्टा. आमचा रंग थोडी झाक, म्हणजे चमक, असलेला, सॅटिनसारखा होता, त्यामुळे फरक आणखी उठून दिसला.

हा फरक मिटवण्यासाठीच प्रायमर असतो. मी कंत्राटदाराला फोन करून विचारलं तेव्हा कळलं की प्रायमर मारलाच नव्हता, पहिल्या हाताच्या रंगात पाणी वाढवून त्यालाच अस्तर म्हटलं होतं. ह्याचा मला आजही राग आहे. बिलात प्रायमर लिहिलेला होता.

खालच्या भागाचं दुखणं मात्र निराळं होतं. मामा म्हणाले, "हा गिलावा अजून कच्चा आहे. आत पाणी आहे आणि चुना गरम आहे." सिमेंट घट्ट होताना त्यातून चुना सुटतो आणि ताजा गिलावा फार क्षारीय असतो, त्याचा पीएच १२च्याही वर जातो. आतलं पाणी बाहेर येताना हा चुना आणि इतर क्षार पृष्ठभागावर आणतं. त्याच्या वर रंग असेल तर त्याचा बाइंडर कमजोर होऊ शकतो, काही रंगद्रव्यं विटतात आणि पांढरा खार फुटतो. म्हणूनच नव्या गिलाव्यावर रंगाआधी साधारण २८ दिवस थांबायचं असतं. पावसाळ्यात तेवढेही पुरत नाहीत. आमचा गिलावा पुट्टीच्या दिवशी १२ दिवसांचा होता. वरून हात लावला तर कोरडा, रंगानंही फिकट राखाडी. त्या कोरडेपणावर मी विश्वास ठेवला होता.

सासूबाई कोचावर बसून ऐकत होत्या. 'चुना' शब्द ऐकून त्या उठल्या, स्वयंपाकघरातून वाटीत चमचाभर पाण्यात कालवलेली हळद घेऊन आल्या. "चुना असेल तर हळद सांगेल की." मामा हसले, म्हणाले, "आई, बरोबर बोललात."

कोचामागे, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, मामांनी पत्र्याच्या पट्टीनं रुपयाएवढी जागा गिलाव्यापर्यंत खरवडली. सासूबाईंनी बोटानं हळद टेकवली. पिवळं बोट उमटलं आणि आमच्या डोळ्यांदेखत कडेकडून तांबूस होत गेलं. बघता बघता कुंकवाचा टिळा झाला. वर जुन्या गिलाव्यावर तसंच केलं, तिथे हळद पिवळीच राहिली. झिरीतल्या पीओपीवरही पिवळीच. "पूर्वी हळदीला चुना लावूनच कुंकू करायचे, आमच्याकडे आजी करायची," सासूबाई म्हणाल्या. अठ्ठेचाळीस वर्षांत जुन्या गिलाव्यातल्या चुन्यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आपला दाह कधीच टाकला होता. नवा अजून पेटलेला होता. आणि झिरीचं दुखणं तहानेचं होतं, चुन्याचं नव्हतं. एका वाटीभर हळदीनं तीन डागांची तीन कारणं वेगळी केली. कुणी करून पाहणार असेल तर जागा आडोशाची निवडावी आणि नंतर तो पिवळा-लाल डाग खरवडून काढावा.

मला त्या क्षणी उमगलं ते असं, की एका भिंतीवर तीन कारागीर येऊन गेले आणि तिघांची एकमेकांशी गाठच पडली नाही. गवंड्याला रंग कधी होणार ते माहीत नव्हतं, इलेक्ट्रिशियनला झिरीवर पुढे काय येणार त्याचं देणंघेणं नव्हतं, रंगाऱ्यानं खाली काय आहे ते विचारलं नाही. त्यांना एकत्र बांधणारं कुणी हवं होतं. ते काम कंत्राटदाराचं.

मामांनी काम घेतलं, पण एका अटीवर. "मी सांगेन तेव्हाच रंग. घाई केलीत तर मला बोलावू नका."

१२ तारखेला गौरींबरोबर गणपती गेले. १४ला मामा एका पोराला घेऊन आले आणि खालच्या पाच फुटांवरचा रंग आणि पुट्टी खरवडून काढली. हे त्यांनी मुद्दाम लगेच केलं. झाक असलेल्या रंगाचा पापुद्रा ओल अडवून धरतो, तो काढल्याशिवाय भिंत वाळणार कशी? त्याच दिवशी झिरीतलं पीओपी छिन्नीनं उकरलं, झिरी ओली करून सिमेंट-रेतीच्या मालानं भरली आणि दोन्ही कडांवर येईल अशी फायबरची जाळी आत दाबली. जुना गिलावा आणि नवा माल सारखे आकसत नाहीत, नुसता माल कडेला पुन्हा भेगाळतो. जाळी तो ताण वाटून घेते. ह्या नव्या भरणीवर सात दिवस मी स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, फवारणीच्या त्याच बाटलीनं.

मग थांबणं. १८ सप्टेंबरपासून पितृपक्ष लागला. सासूबाई पितृपक्षात नवं काम काढू देत नाहीत, त्यामुळे घरात घाई करणारं कुणी उरलं नाही. भिंतीला तिचा वेळ मिळाला. पाहुणे येत, अर्धी खरवडलेली भिंत बघून काही बोलत, काही न बोलता बघत. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पावसानं पुन्हा झोडपलं आणि माझा धीर सुटत आला. ऊन असेल तेव्हा खिडक्या सताड उघड्या, दुपारी पंखा भिंतीकडे तोंड करून. हीटर लावून वाळवायचं मनात आलं होतं, पण मामांनी नको म्हटलं. वरचा थर झटकन सुकतो, आकसतो, बारीक भेगा पडतात आणि आतलं पाणी आतच राहतं.

महिना संपता संपता डाव्या कोपऱ्यात खाली पांढरी लव आली. जवळून बघितलं तर कापसाच्या बारीक तंतूंसारखी, फुंकर मारली तर हलणारी. मी ओलं फडकं घेऊन पुसायला निघाले होते. आधी मामांना फोन केला हे बरं झालं. "पाणी लावू नका ताई, खार विरघळून परत भिंतीत जाईल. कोरड्या ब्रशनं झाडा आणि खाली पेपर धरा." पेपरवर जमलेला खार मी बाहेर टाकला. आठवड्यानं परत आला, पण थोडा. तिसऱ्यांदा आलाच नाही. खार परत परत वाढत राहिला असता तर अर्थ निघाला असता की कुठून तरी पाणी अजून येतंय. मग आतून काहीही केलं तरी ते व्यर्थ. सोसायटीचं बाहेरचं काम नीट झालं होतं हे त्या कोपऱ्यानं सांगितलं.

दुसरी परीक्षा प्लास्टिकची. दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर लावायचा, चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करायच्या आणि रात्रभर ठेवायचा. २० सप्टेंबरला लावला तेव्हा सकाळी आतून दवासारखे थेंब आले होते आणि खालचा गिलावा काळपट झाला होता. ५ ऑक्टोबरला नुसतं धुकं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, तीन ठिकाणी तुकडे लावले, त्यातला एक झिरीवर. सकाळी तिन्ही कोरडे. मी फोटो काढून मामांना पाठवले. त्यांचा उलट निरोप आला, "मंगळवारी येतो." गिलाव्याला तोवर ६० दिवस झाले होते, झिरीच्या भरणीला ३१.

हळद पुन्हा लावून पाहिली. पृष्ठभागावर ती केशरी झाली, कुंकू झालं नाही. जरा खोल खरवडलं तर लाल. मामा म्हणाले, "आत चुना राहणारच. ओल नसली की तो वर येत नाही. आणि वर आपण त्याला दाद न देणारा प्रायमर लावणार."

त्यानंतरचं काम सहा-सात दिवसांचं. वरच्या जुन्या भागावरचा रंग चांगला धरून होता, तो काढला नाही. नुसता पॉलिश पेपरनं घासून झाक मारली आणि ब्रशची ठिगळं सपाट केली. मग सगळी भिंत ओल्या स्पंजानं हलकी ओलावून पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, पूर्ण भिंतीवर, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मी विचारलं, वरचा भाग तर चांगला आहे, तिथे कशाला? मामांनी पट्टी खाली ठेवली आणि समजावलं, की आपल्याला डाग भरायचा नाही, तिन्ही भिंतींवर एकच कातडं चढवायचं आहे. डागापुरती पुट्टी लावली तर त्या पुट्टीच्या कडेला नवा डाग.

पातळ दोन थर. पहिला उभा, दुसरा आडवा. दोन-अडीच तासांत संपेल तेवढीच पुट्टी ते कालवत, उरलेल्यात पाणी घालून पुन्हा वापरत नसत. एका दिवसानं घासणं. इथे मामा स्वतः उभे राहिले, पोराला दिलं नाही. टॉर्च भिंतीला टेकवून, दुसऱ्या हातानं बारीक पेपर गोल गोल. जास्त घासलं तर खालचा गिलावा उघडा पडतो आणि ती जागा वेगळं पाणी पिते, म्हणजे पुन्हा डाग. धूळ इतकी उडाली की दोन दिवस हॉलला साडीचा पडदा लावून ठेवला होता. तोंडाला मास्क बांधल्याशिवाय ह्या कामाजवळ जाऊ नये. घासून झाल्यावर भिंत मऊ झाडूनं आणि मग जेमतेम दमट फडक्यानं पुसली. धूळ राहिली तर प्रायमर धुळीला चिकटतो, भिंतीला नाही.

प्रायमर पाण्यातला, क्षार सोसणारा. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाणी, स्वयंपाकघरातल्या मापानं मोजून. एक हात पूर्ण भिंतीला, मग रात्रभर विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी बाटली माझ्या हातात दिली. पेन्सिलीचे गोल पुट्टीखाली गेले होते, पण जागा मला पाठ होत्या. जुना भाग, झिरी, खालचा कोपरा. तिन्ही ठिकाणी फवारा मारला आणि मी मनात आकडे मोजायला लागले. साठापर्यंत आले तरी थेंब तिन्हीकडे सारखेच होते. आधी तीन आकड्यांत नाहीसे होणारे ते थेंब झिरीवर तसेच चमकत होते. रंग अजून लागायचा होता, पण माझ्यासाठी भिंत त्या सकाळीच बरी झाली.

जांभळी नाक्याच्या दुकानातून मी रंग आणला, अबोलीच, पण ह्या वेळी बिनझाकेचा, मॅट. झाक जितकी जास्त तितकं भिंतीचं व्यंग उघड. जुन्या गिलाव्याच्या घरांना मॅटच बरा असं आता माझं मत आहे, पुसायला तो थोडा नाजूक पडला तरी. एक-एक लिटरचे दोन डबे घेतले, दोन्हींचा बॅच नंबर एकच बघून. मामांनी तरीही दोन्ही डबे एका बादलीत ओतले, ढवळले, जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळून घेतले. मशीननं मिसळलेल्या दोन डब्यांत डोळ्यांना न दिसणारा फरक असू शकतो, तो भिंतीच्या मध्यावर आला की दिसतो.

रंगाच्या दिवशी सकाळी सातला सुरुवात झाली. पंखा बंद. खिडक्या लोटलेल्या. ऑक्टोबरच्या उन्हात रंग झपाट्यानं वाळतो आणि मला तर तेच हवं असं वाटत होतं. पण रोलरची एक पट्टी वाळायच्या आत तिच्या ओल्या कडेवर दुसरी चढायला हवी, नाहीतर दोन्हींच्या सांध्यावर दुहेरी थराची रेघ उठते. पोरगा पुढे ब्रशनं छताची आणि कोपऱ्याची कड दोन-दोन फूट रंगवत चाललेला, मागून मामांचा रोलर वरून खालपर्यंत, शेवटचा फेरा नेहमी एकाच दिशेनं. चौदा फूट भिंत त्यांनी मधे न थांबता संपवली. चहा आणला तर नजरेनंच नंतर म्हणून सांगितलं. मधेच एके ठिकाणी बारीक केस चिकटलेला मला दिसला, मी बोट दाखवलं. "आता नाही ताई, अर्धवट वाळलेल्याला हात लावला की चट्टा. उद्या दुसऱ्या हाताच्या आधी काढू." दुसऱ्या दिवशी त्यांनी आठवणीनं काढला.

पहिल्या कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता मी दिला नव्हता. त्याच्याशी बसून हिशेब केला, न मारलेल्या प्रायमरचे आणि तिसऱ्या हाताचे पैसे वजा केले, गवंडीकामाचे पूर्ण दिले. गिलावा उत्तम झाला होता, त्याला फक्त वेळ मिळाला नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भिंतीशी समया लावल्या. त्यांचा उजेडही तिरपाच पडतो. सासूबाईंनी चष्मा लावून खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कोचामागे जाऊन त्यांच्या हळदीची जागा शोधली. सापडली नाही.

एक जागा राहिली आहे. स्विचबोर्डाच्या उजवीकडे, टीव्हीचा माणूस जानेवारीत येऊन गेला तेव्हा ड्रिल घसरलं आणि दोन इंचांचा ओरखडा पडला. बाटलीत जपून ठेवलेला रंग आहे, बॅच नंबर आणि पाण्याचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी तिच्यावर चिकटवली आहे. मुलगी म्हणाली, आई, ब्रशनं एक ठिपका दे ना. मी दिला नाही. ओरखडा पुट्टीनं भरून, घासून, त्यावर प्रायमर लावून ठेवला आहे. मामा कोकणातून परतले की भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक हात रोलरनं घेणार आहोत.